चतुर्थीपर्यंत मुदत

“आता कसली मुदत, मॅडम?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या तालुक्याच्या कोर्टात साहेबांचा चष्मा टेबलावर आला की वकील मंडळी मान खाली घालून आपापले कागद चाळायला लागत. मी उभी होते, त्यामुळे मला ती सोय नव्हती.

“साहेब, अपील तयार आहे. फक्त पक्षकाराची सही राहिलीय.”

“एप्रिलमध्ये निकाल लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, नकला मिळाल्या नाहीत. मुदत दिली. मग जिल्हा कोर्टाला सुट्टी लागली. दिली. जूनमध्ये पक्षकाराला ताप आला. तीही दिली. आता म्हणता सही राहिली. पक्षकार राहतो कुठे? मुंबईला?”

“इथेच, साहेब. नदीपलीकडे.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. वादीचे वकील परुळेकर संथपणे उठले. चाळीस वर्षं वकिली करून त्यांना उठतानाही घाई करायची गरज उरली नव्हती. “साहेब, ह्यांना अपील करायचंच नाही. मुदतीवर मुदत मागून आमचा हुकूमनामा कुजवायचा आहे, बाकी काही नाही.”

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण आपल्या पक्षकाराबद्दल जे मनात येतं ते कोर्टात बोलायचं नसतं. मी म्हटलं, “म्हातारा माणूस आहे, साहेब. एकच संधी द्यावी.”

पहिल्या बाकावर वादी मनोहर वालावलकर बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर छत्री. चार वर्षं भांडून जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर जो आनंद असावा, तो काही मला दिसला नाही.

साहेबांनी चष्मा चढवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “शेवटची संधी. पुढच्या तारखेला वरच्या कोर्टाचा स्थगितीचा हुकूम आणा. नाही आणलात तर ताब्याचं वॉरंट काढीन. चतुर्थी जवळ आली वगैरे मला सांगू नका.”

नेमकं तेच सांगायला मला पाठवलं होतं.

माझा पक्षकार लवू मेस्त्री. नदीपलीकडे रस्त्याला लागून त्याची गणपतीची शाळा होती. गणपती घडवायच्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आणि आमच्याकडे गणपती दुकानात जाऊन विकत घेत नाहीत. प्रत्येक घराचा आपला लाकडी पाट असतो. पावसाळ्यात तो पाट, त्यावर नारळ-सुपारी ठेवून, शाळेत नेऊन द्यायचा. मेस्त्री त्या पाटावर त्याच घराचा गणपती घडवतो. पाट पोचला की वर्षाचा शब्द दिला-घेतला. लिहून काही होत नाही, आणि तरी कधी कुणाचा गणपती चुकला असं मी ऐकलेलं नाही.

शाळेची जागा वालावलकरांची होती. मनोहरचे वडील, भाई, हयात असताना एका पुरात लवूची जुनी शाळा वाहून गेली. भाईंनी रस्त्याकडेची जागा दाखवली, नारळ फोडला आणि सांगितलं, हयसर शाळा घाल. तेव्हापासून शाळेत पहिला पाट यायचा तो वालावलकरांचा. पुढे भाई गेले, रस्ता रुंद झाला, आणि मनोहरला तिथे लॉजिंग बांधावंसं वाटलं. त्याने दावा लावला. लवूकडे नारळाशिवाय पुरावा नव्हता आणि नारळ तर तेव्हाच खाऊन झाला होता.

निकाल विरुद्ध लागल्यावर लवू माझ्याकडे आला. त्याचे आधीचे वकील मुलाकडे मुंबईला निघून गेले होते. मला वकिली सुरू करून तिसरं वर्ष होतं, आणि जिल्हा कोर्टात मी एकटीने चालवायचं हे पहिलंच अपील होणार होतं. मी ते जिवापाड मेहनत करून लिहिलं. लवू मात्र दर वेळी एकच वाक्य बोलायचा, “मुदत घे गो बाय. चतुर्थी होवंदे.”

त्या दिवशी कोर्टातून मी तडक शाळेत गेले. म्हटलं, सही घेतल्याशिवाय आज हलायचं नाही.

शाळा म्हणजे कौलारू लांब पडवी. ओल्या मातीचा वास दारातच भेटला. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर ओळीने पाट, पाटांवर ओले, अर्धवट झालेले गणपती. कुणाला सोंड नव्हती, कुणाला हात नव्हते. लवू जमिनीवर मांडी घालून एका गणपतीचं पोट गुळगुळीत करत होता. अंगावर बनियन, कोपरापर्यंत माती. मी बसायला जागा शोधताना माझी नजर वर गेली. माळ्यावर एका फळीवर चार गणपती होते. पूर्ण घडवलेले, वाळलेले, पण रंग नाही आणि ब्रशने डोळे लिहिलेले नाहीत. त्यांच्याखाली पाटही नव्हते.

“हे कुणाचे, मेस्त्री?”

“ते विकूचे नाय,” एवढंच म्हणाला.

त्याची सून वनिता चहा घेऊन आली. ती हळू आवाजात म्हणाली, “दर वर्साक एक करतत आणि थंय नेऊन ठेवतत. रंग लावणत नाय, डोळे लिवणत नाय. इचारला तर सांगणत नाय.”

मला वाटलं, कुणीतरी ऐनवेळी नाकारलेले असतील. मला घाई होती. मी कोर्टातला हुकूम सांगितला.

“बाय, चतुर्थीपर्यंत...”

“नाही मिळणार. साहेबांनी तोंडावर सांगितलंय. आता सही करायची नाहीतर उठायचं. मेस्त्री, मला एकदा नीट समजून घेऊ द्या, तुम्हाला अपील का नकोय?”

“तूच समजावन सांग. कोर्टान काय म्हटल्यान?”

“कोर्ट म्हणतं, तुम्ही भाईंच्या परवानगीने बसलात.”

“ता खराच आसा.”

“खरं आहे म्हणूनच हरलात. परवानगीने बसलेल्याला मालकाने ऊठ म्हटलं की उठावं लागतं. कायद्यात एकच वाट उरते. दुसऱ्याच्या जागेत त्याची मालकी नाकारून, उघड वैर धरून बारा वर्षं बसलं आणि मालक गप्प राहिला, तर जागा बसणाऱ्याची होते.”

लवूचा हात थांबला. “वैर धरून?”

“हो.”

“आणि प्रेमान बसलो तर?”

“तर उठायचं.”

कायद्याचं हे कलम मी परीक्षेला पाठ केलं होतं, चांगले मार्कही मिळवले होते. पण ते इतकं उघडं करून मला कुणी विचारलं नव्हतं. मी घाईने पुढे बोलत राहिले. “भाई गेल्यावर मनोहरने एकदा निरोप पाठवला होता ना, जागा मोकळी करा म्हणून? तुम्ही उठला नाहीत. त्याला बारा वर्षं होऊन गेल्यावर त्याने दावा लावला. त्या निरोपापासून वैर सुरू झालं असं म्हणायचं. खालच्या कोर्टाने ह्या मुद्द्याकडे नीट बघितलेलंच नाही. वर आपल्याला आशा आहे.”

“अगो, निरोप इलो जेठात. आणि आषाढात तेंचो पाट इलो, नारळ-सुपारी घेवन. पाट इलो म्हणजे शाळा चालव म्हणानच सांगला मा? मगे मी उठू कशाक?”

“मेस्त्री, कोर्टाला पाट कळत नाही.”

मी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं आणि वाचायला लागले. “‘प्रतिवादी हा सदर जागेत वादीची मालकी नाकारून, वादीशी उघड वैर धरून राहत आला आहे...’”

“ह्या तू लिवलंस?”

“मी लिहिलंय, पण नवीन काही नाही. तुमच्या आधीच्या वकिलांनी दाव्याला उत्तर दिलं, त्या कैफियतीतच ही ओळ होती. मी तीच पुढे नेतेय. तिच्याखाली तुमची सही आहे.”

“माझी सय?” लवूने माझ्याकडे बघितलं. “माका तेंनी वाचून दाखवूक नाय. हयसर सय कर म्हणाले, ती केलंय. वकिलाक काय इचारतलंय?”

ह्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरची सुई आणि वकिलाचा कागद, दोन्ही आमच्याकडे डोळे मिटून घेतात. लवूला सही करता येत होती, वाचताही येत होतं. पण वकिलाचा कागद वाचून बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं त्याच्या पिढीला वाटायचं.

“ह्यो कागद मनूक दाखवलेलो आसतलो?”

“मनोहरला प्रत द्यावीच लागते. चार वर्षांपूर्वीच मिळाली असेल.”

समोरच्या गणपतीवर लवूने ओलं फडकं टाकलं. उठून बादलीत हात धुतले, बोटं एकेक करून धुतली. मग माळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, “बाय, तू जा आता. तारखेक मी कोर्टात येतंय.”

“सही?”

“तारखेक.”

मी बाहेर आले तशी वनिता मागोमाग रस्त्यापर्यंत आली. पदराने कपाळ पुसत म्हणाली, “बाय, तेंका सय करूक लाव गो. माझो घोव गोव्यात हॉटेलात भांडी घासता. ही शाळा गेली तर तो कधी परत येवचो? सासरे म्हणतत मुदत घे, मुदत घे. मुदत काय शिजवन खावक येता?”

“तारखेला येतो म्हणालेत. करतील सही.”

मला खात्री होती. म्हातारे लोक शेवटपर्यंत ताणतात आणि शेवटी कोर्टात सही करतात, एवढं मी तीन वर्षांत शिकले होते.

तारखेला लवू माझ्या आधी कोर्टात हजर होता. धुतलेला सदरा, काळी टोपी, नखांत माती. वनिताही आली होती. मी टेबलावर प्रतिज्ञापत्र उघडून ठेवलं, पेनाचं टोपण काढून ठेवलं. पुकारा झाला.

“आणलात स्थगितीचा हुकूम?”

“साहेब, पक्षकार आज स्वतः हजर आहेत. आजच सही होतेय, दोन दिवस जरी...”

“साहेबानू, माका बोलूचा आसा,” माझ्या मागून आवाज आला.

लवू उभा होता. टोपी हातात. साहेबांनी मान हलवली.

“माका अपील करूचा नाय. पण आमच्या कागदात एक वळ आसा. मी मनूवांगडा वैर धरलंय म्हणान. ती माका खोडूक व्हयी.”

साहेब घाटावरचे, आमची बोली त्यांना अर्धीच कळायची. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले होते. चार महिने मी त्या ओळीवर अपील उभं केलं होतं, आणि आता मलाच सांगायचं होतं की माझ्या पक्षकाराला ती ओळ नको आहे. मी सांगितलं.

साहेब पुढे वाकले. आवाज एकदम खाली आला. “मेस्त्री, निकाल लागून गेलाय. ओळ मागे घेतलीत म्हणून निकाल बदलणार नाही. उलट तुम्हाला वाचवलंच तर तीच एक ओळ वाचवील. ती गेली की तुमच्याकडे काही उरत नाही. समजतंय का तुम्हाला?”

“समाजता, साहेबानू. ती ऱ्हवली तर वैर ऱ्हवता.”

“मग इतके महिने मुदत कशाला मागत होतात?”

लवूने उत्तर देताना साहेबांकडे बघितलं नाही. पहिल्या बाकाकडे बघितलं. “वाट बघत होतंय. तो कित्याक येवक नाय ता माका आता कळला.”

मला वाटलं, गोव्याच्या मुलाबद्दल बोलतोय. वनिताने तोंडाला पदर लावला होता. साहेबांनी लिहायला घेतलं: प्रतिवादी अपील करू इच्छित नाही, कैफियतीतलं अमुक विधान मागे घेतो. मग विचारलं, “जागा कधी देता?”

“चतुर्थी होवंदे. लोकांचे पाट आसत माझ्याकडे. ओलो गणपती हलवलो तर फुटता. गणपती आपापल्या घराक गेले काय चावी मी स्वता आणून देतंय.”

परुळेकर हरकत घ्यायला उठत होते. मनोहरने त्यांच्या कोटाची बाही धरली आणि त्यांना खाली बसवलं. साहेबांनी विसर्जनानंतरची तारीख दिली. चार महिने मी मागत होते ती मुदत शेवटी मिळाली होती, आणि तिच्या बदल्यात आमचं सगळं गेलं होतं.

मी व्हरांड्यात येऊन कागद पिशवीत कोंबले. इतका राग मला पुढे क्वचितच कुणा पक्षकाराचा आला असेल. वनिता खांबाला टेकून रडत होती आणि सासरे तिच्याशेजारी उभे होते. त्यांच्याकडे जायचं मला धाडस झालं नाही.

“वकीलबाई.” मनोहर वालावलकर शेजारी येऊन उभा होता. “ती ओळ त्यांनी लिहायला सांगितली नव्हती?”

“नाही. त्यांना ती माहीतच नव्हती. मी वाचली तेव्हा पहिल्यांदा कळली.”

तो छत्रीच्या मुठीकडे बघत राहिला. “दावा लावला त्या वर्षीसुद्धा आमचा पाट गेला होता त्यांच्याकडे. लोक हसले मला. मी म्हटलं, कोर्टातलं कोर्टात, देवाचं देवाकडे. मग तुमची कैफियत आली. परुळेकरांनी आमच्या पडवीत बसून वाचून दाखवली. आई सुपारी कातरत ऐकत होती. ‘वैर धरून’ ऐकलं आणि अडकित्ता खाली ठेवून आत गेली. म्हणाली, वैऱ्याच्या हातचा गणपती ह्या घरात यायचा नाही. पाट माळ्यावर टाकला तो तसाच आहे. बाजारातला गणपती आणतो आम्ही.”

“आई आहेत?”

“दोन वर्षं झाली जाऊन. शेवटी शेवटी विचारायची, लवू काय म्हणता? मी सांगायचो, तो तारखा घेतोय.”

एवढं बोलून तो पायऱ्या उतरून गेला. पुढे काय करणार, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हरतालिकेच्या दिवशी दुपारी मी नदीपलीकडे गेले. ताबा द्यायच्या आधी जागा एकदा बघून ठेवावी, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण ते नव्हतं हे मला रिक्षातच कळलं होतं.

रस्त्याने माणसं गणपती डोक्यावर घेऊन निघाली होती. झांजा वाजत होत्या. शाळेच्या फळ्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या, रंगांच्या वाट्या ओळीने उपड्या पडल्या होत्या. माळ्यावर मी बघितलं तर तिथे तीनच गणपती होते. चौथा खाली मधोमध होता. पिवळा पीतांबर, लाल शेला, सोनेरी मुकुट, सगळं केलेलं. डोळे तेवढे नव्हते. आणि त्याच्याखाली पाट नव्हता, साधी फळी होती.

“कुणाचा हा, मेस्त्री?” मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“वालावलकरांचो. भाई होते तेवापासून पैलो गोळो तेंच्याच नावान घेतंय. पाट येवचो बंद झालो, पण हाताक सवय झाली ना. दर वर्साक एक करी. पाट येत तर रंगवीन, डोळे लिवीन. डोळे लिवले काय तो देव झालो. मगे देवाक बिनपाटाचो खंय बसवू? म्हणान तसेच ठेवलंय.”

“म्हणून मुदत मागत होतात? ह्या पाटासाठी?”

“आणि कित्याक? बाय, भाईंची जागा भाईंच्या झिलाक देवची, तेतू माझा काय जाता? आज देतंय. पण तो रागान घेता आणि मी रागान देतंय, अशी कशी देवची? एकदा पाट इलो आसतो तर मी त्याच दिवशी उठलंय आसतंय.”

“मग हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“कोर्टाक पाट कळणा नाय म्हणान तूच सांगलंस मा?”

वनिता कोपऱ्यात सामान बांधत होती, गोणपाटात ठोकळे, कोरण्या, ब्रश. तिचाही राग ओसरलेला होता. ती म्हणाली, “कोर्टातून इले आणि ह्येच काढून बसले. म्हटला, पाट येवचो नाय तर रंग कित्याक? ऐकणत नाय.”

तेवढ्यात दारात सावली पडली.

मनोहर होता. अनवाणी, कमरेला सोवळं, डोक्यावर पाट. पाट नुकताच धुतलेला दिसत होता, कडेने पाणी ठिबकत होतं. वर नारळ, सुपारी. मागे त्याचा कुणी नोकर नाही, मुलगा नाही. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“लवूकाका, उशीर झालो.” आजवर मी त्याला शुद्ध बोलतानाच ऐकलं होतं.

लवू जागचा उठला नाही. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. बोलायला चार वर्षांचं साठलेलं होतं. त्याने फक्त हाताने समोरची जागा पुसली आणि म्हणाला, “पाट हयसर ठेव. उजवी बाजू माझ्याकडे कर.”

मनोहरने पाट ठेवला. दोघांनी मिळून गणपती उचलला, एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि फळीवरून पाटावर बसवला. लवूने पाटाची कड बोटाने चाचपली. “वाळवी लागूक लागली हेका. माळ्यार ठेवलंस?”

“होय.”

“फुडल्या खेपेक तेल लावन ठेव.”

मग त्याने बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. शाळेत कुणी हललं नाही. वनिता हातातली सुतळी तशीच धरून उभी राहिली. आधी एका डोळ्याची रेघ, मग दुसऱ्याची, मग बुबुळं. तो ब्रश मागे घेऊन बाजूला झाला तेव्हा गणपती आमच्याकडे बघत होता. मी देवाधर्माची फारशी बाई नाही, पण माझे हात आपोआप जोडले गेले.

मनोहर लवूच्या पायाला हात लावायला वाकला. लवूने त्याचे खांदे धरले. “आदी देवाच्या पाया पड.”

तो पडला. उठताना त्याची नजर माळ्यावर गेली. एक, दोन, तीन. धुळीने पांढरे झालेले, बिनडोळ्यांचे. “आणि ते?”

“तेव तुझेच. ते ऱ्हवांदेत. तेंची चतुर्थी झाली.”

मनोहर शाळेच्या उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. “आई इचारी होती हो, काका. लवू काय म्हणता म्हणान इचारी होती.” लवूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. उघड्या पाठीवर काळ्या रंगाची पाच बोटं उमटली. मी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

विसर्जन झालं. तारीख आली. लवूने शब्द पाळला होता. शाळा रिकामी करून, शेणाने सारवून, दाराला कुलूप लावलं होतं. माळ्यावरचे तीन गणपती तेवढे वनिताने घरी नेऊन पडवीत ठेवले होते. किल्ली रुमालात बांधून, रुमाल मुठीत धरून तो माझ्याशेजारी बसला. पंखा इतका खडखडत होता की साहेबांचं बोलणंही धड ऐकू येत नव्हतं, आणि लवूला एका कानाने तसंही कमीच यायचं.

पुकारा झाल्यावर मी उभी राहिले. “साहेब, प्रतिवादी हजर आहेत. किल्ली आणलीय.”

परुळेकर उठले. त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. “साहेब, वादीचा एक अर्ज आहे.”

“आता कसला अर्ज?”

“वादीला ताबा घेण्यासाठी मुदत हवी आहे.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाकांवरची सगळी वकील मंडळी ह्या खेपेला मान वर करून बघायला लागली. “मुदत? तुम्हाला? अहो, तुम्ही जिंकलाय. तो माणूस किल्ली घेऊन बसलाय समोर.”

“मला कळतंय, साहेब. माझ्या पक्षकाराला कळत नाही.”

“कारण काय लिहिलंय?”

परुळेकरांनी अर्ज न बघताच सांगितलं, “कारण लिहिलेलं नाही.”

मनोहर पहिल्या बाकावरून उठला. “साहेब, कारण मी सांगतो. पाटाला तेल लावून ठेवलंय.”

साहेबांना काही कळलं नसणार. ते एकदा त्याच्याकडे, एकदा लवूकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा चढवला आणि पेन उचललं. “कधीपर्यंत?”

“चतुर्थीपर्यंत.”

“चतुर्थी तर झाली.”

“पुढच्या.”

पुढे मनोहर वालावलकर दर वर्षी ही मुदत मागत राहिला, आणि हुकूमनामा जुना होऊन निकामी होईपर्यंत मागत राहिला. पण त्या दिवशी हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब लिहीत होते आणि पंखा खडखडत होता.

लवूने मला कोपराने ढोसलं. “काय म्हणता तो?”

“मुदत मागतोय.”

“कोण? मनू?”

“हो. पुढच्या चतुर्थीपर्यंत. साहेबांनी दिली.”

लवूने मुठीतला रुमाल उघडला. किल्लीकडे बघितलं, पुन्हा रुमालात गुंडाळली, गाठ मारली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग थोडा वेळ तो टोपी हातात घेऊन बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला,

“बाय, माका लवकर सोडतले काय गो? ते तीन गणपती भिजत घालूचे आसत. फुडल्या वर्साक माती मुरूक वेळ लागता.”